काशीराम भाटकरची प्रश्नवही

मुंबईहून रात्री सुटणारी एसटी रत्नागिरीच्या स्टँडवर सकाळी साडेसहाच्या सुमारास लागते. १९८३ ते १९८६ या काळात त्या गाडीच्या दाराशी एक उंच, किडकिडीत माणूस हातात वही घेऊन उभा असे. रिक्षावाल्यांना आधी तो लॉजचा एजंट वाटला होता. नंतर तो कोणालाच लॉजवर नेत नाही हे पाहून त्यांनी त्याच्याकडे लक्ष देणं सोडलं.

त्याचं नाव काशीराम दादू भाटकर. बी.एस्सी., गणित, दुसरा वर्ग. तो गाडीतून उतरणाऱ्या माणसांमधून मुलाखत देऊन आलेला उमेदवार शोधत असे. ओळखण्यात त्याची चूक होत नसे. शर्ट इस्त्रीचा, पण पाठीवर चुरगळलेला. पायात बूट, मोजे खिशात. फाइल छातीशी धरलेली.

"मुलाखत?" काशीराम विचारायचा.

"हो. तुम्ही कोण?"

"कोडं काय घातलं?"

"अहो, रात्रभर जागा आहे. घरी जाऊन झोपतो, मग सांगतो."

"झोपलात की आकडे बदलतात. चला, चहा घेऊ."

चहा त्याच्या खर्चाने असे. कपातला चहा संपेपर्यंत प्रश्न वहीत उतरलेला असे. वहीत चार रकाने होते : विचारलेला प्रश्न, दिलेलं उत्तर, बरोबर की चूक, निवड झाली की नाही. चौथा रकाना लगेच भरता येत नसे, म्हणून तो उमेदवाराला स्वतःचा पत्ता लिहिलेलं एक पोस्टकार्ड देऊन ठेवी. बहुतेक जण ते परत पाठवत. काशीरामच्या मते, निवड न झालेले जास्त नियमितपणे पाठवत.

मी १९८५-८६ साली पॉलिटेक्निकमध्ये मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला होतो. मलाही पुढे मुलाखती द्यायच्या होत्या, म्हणून मी त्याच्या क्लासला जाऊ लागलो. क्लास म्हणजे मारुती मंदिराच्या पुढे एका टायपिंग इन्स्टिट्यूटची मागची खोली. काशीराम तिथे सकाळी टायपिंग शिकवायचा. संध्याकाळी सहा ते आठ मालक त्याला ती खोली वापरू देत. पुढच्या खोलीत बारा मशिनं चालू असत. काशीराम म्हणायचा, या आवाजात ज्याला विचार करता येईल, तो कुठल्याही साहेबासमोर विचार करील.

फी नव्हती. एकच नियम होता. मुलाखतीला गेलेल्याने परतीच्या पहिल्या गाडीने यायचं आणि स्टँडवरच, सगळ्यांसमोर, विचारलेला प्रश्न सांगायचा. मावशीकडे दादरला चार दिवस राहणं मंजूर नव्हतं. एकदा एकजण राहिला. परत आल्यावर त्याने सांगितलेल्या कोड्यात नऊ गोळ्यांच्या जागी सात गोळ्या होत्या आणि आमची एक पूर्ण संध्याकाळ त्यात गेली. त्याला पुढच्या वेळी मागच्या बाकावर बसवलं.

आम्ही चौदा जण होतो. पुस्तकातल्या कोड्यांमध्ये आगगाड्या फार असत. एकशेवीस मीटर लांबीची गाडी अमुक फलाट किती सेकंदांत ओलांडील, वगैरे. चौदापैकी आगगाडी पाहिलेले तिघे. हातखंब्याहून येणारी नंदा पाष्टे पहिल्या दिवशी म्हणाली,

"सर, पण फलाट आला तर गाडी थांबत का नाही?"

"ती थांबत नाही."

"मग फलाट कशाला बांधला?"

"आपल्याला गणित घालायला," काशीराम म्हणाला आणि फळ्याकडे वळला.

नंदाच्या वडिलांचं, गंगाराम पाष्ट्यांचं, हातखंब्याच्या तिठ्यावर पंक्चर काढायचं दुकान होतं. नंदा बी.कॉम. होऊन घरी बसली होती. तिचा हिशेब झटपट होता, पण ती उत्तर फार लवकर सांगायची. काशीरामने तिला नियम घालून दिला : उत्तर आलं तरी मनात अकरापर्यंत मोजायचं, मग बोलायचं. साहेब लोकांना माणूस विचार करताना दिसला पाहिजे. नंदा अकरापर्यंत मोजताना ओठ हलवायची. ते बंद करायला दोन महिने लागले.

काशीराम राहायचा काजळीच्या खाडीपलीकडे. त्याचे वडील दादू भाटकर खाडीने होडी चालवत. कौलं, तांदूळ, सिमेंट, बाजाराला निघालेली माणसं, असं सगळं ते वरच्या गावांना पोचवायचे. होडीला दोन वल्ही. एक दादूंचं, दुसरं त्यांचा पुतण्या सदूचं. मी एकदा काशीरामकडे जेवायला गेलो होतो, तेव्हा मी दादूंना वाघ, शेळी आणि गवताची पेंढी एका होडीतून पलीकडे नेण्याचं कोडं घातलं. एका वेळी एकच नेता येतं. वाघ शेळीला खाईल, शेळी गवताला.

दादूंनी सगळं ऐकून घेतलं.

"वाघ कोणाचा?"

"कोणाचाही असो काका. तो न्यायचाय."

"भाडं कोण देणार?"

"तसं कोड्यात नाही."

"मग माझ्या होडीत नाय," दादू म्हणाले आणि आणखी भात वाढायला सांगितला.

त्याच जेवणात मला काशीरामची अडचण कळली. तोवर त्याने नऊ मुलाखती दिल्या होत्या आणि नऊ वेळा घरी आला होता. बहुतेक नोकऱ्यांना वयाची अट अठ्ठावीस. काशीराम १९८६ च्या एकतीस मेला अठ्ठावीस पूर्ण करणार होता. इकडे सदूला मुंबईत एका हॉटेलात काम लागत होतं आणि दादूंचा उजवा खांदा उतरला होता. बापलेकांचं ठरलं होतं : एकतीस मेपर्यंत नोकरी लागली तर होडी विकायची, नाही लागली तर काशीरामने सदूची जागा घ्यायची. यावर त्यांच्यात भांडण नव्हतं. जेवणात ते ज्या आवाजात आमटीविषयी बोलत होते त्याच आवाजात याविषयीही बोलत होते.

"माझा काय," दादू म्हणाले, "होडी चालवायला बी.एस्सी. चालता."

मार्चमध्ये मुंबईच्या एका महामंडळाकडून काशीरामला बोलावणं आलं. कनिष्ठ सहायक, जागा सहा. नंदालाही तिथूनच बोलावणं होतं. मुलाखती आडनावाच्या इंग्रजी अक्षरांप्रमाणे होत्या, म्हणून भाटकर मंगळवारी आणि पाष्टे गुरुवारी. काशीरामची ही दहावी आणि, वयाच्या हिशेबाने, शेवटची.

बुधवारी सकाळी साडेसहाला आम्ही सगळे स्टँडवर हजर होतो. नंदा हातखंब्याहून पहिल्या गाडीने आली होती. तिला त्याच रात्री मुंबईला निघायचं होतं. काशीराम उतरला. फाइल छातीशी होती.

"चहा घ्या सर," नंदा म्हणाली.

काशीरामने चहा घेतला आणि नियमाप्रमाणे सगळं सांगितलं.

समोर चार जण होते. मधल्या साहेबांनी अर्ज पाहिला, पत्ता वाचला आणि हसून म्हणाले, "कोकणातले का? मग तुम्हाला तुमच्या गावचंच विचारू. तुमच्या खाडीत एक होडी आहे. तिचा वेग ताशी आठ किलोमीटर. पाण्याचा वेग ताशी दोन. पंधरा किलोमीटर वर जाऊन परत यायला किती वेळ लागेल?"

आम्ही सगळे एकदम हसलो. हे गणित काशीरामने आम्हाला किमान वीस वेळा घातलं होतं. जाताना पाण्याविरुद्ध ताशी सहा, म्हणजे अडीच तास. येताना पाण्याबरोबर ताशी दहा, म्हणजे दीड तास. एकूण चार.

"चार सांगितलंस ना?" मी विचारलं.

"नाही."

"मग?"

"मी विचारलं, तिथी कोणती?"

मागे एक कंडक्टर देवरुख, देवरुख ओरडत होता.

"अरे, ते खाडी म्हणाले," काशीराम म्हणाला. "खाडीचं पाणी एकाच बाजूला कुठे वाहतं? सहा तास वर, सहा तास खाली. मला समोर खाडी दिसली."

खाडीकाठी राहणाऱ्याला भरतीची वेळ तिथीवरून काढता येते. तिथीला पाऊणने गुणायचं. चतुर्थी असेल तर चार पाऊण तीन, म्हणजे तीनच्या सुमारास पाणी पूर्ण भरतं. दादू भाटकर शाळेत गेले नव्हते, पण पाऊणकी त्यांना तोंडपाठ होती. मुंबईच्या साहेबांना ती ठाऊक असण्याचं कारण नव्हतं.

"कसली तिथी?" साहेबांनी विचारलं होतं.

"होडी ज्या दिवशी निघाली त्या दिवसाची."

बाजूचे एक जाड चष्म्याचे गृहस्थ म्हणाले होते, "बरं, धरा तृतीया."

"तीन पाऊण सव्वादोन. सव्वादोनला पाणी भरणार. म्हणजे पाऊण वाजता निघायचं. भरतं पाणी सोबत असतं, म्हणून वर जायला दीड तास. सव्वादोनला पोचलो. तिथे अर्धा तास पाणी थांबतं, तेवढ्यात माणसं जेवतात. पावणेतीनला ओहोटीबरोबर निघायचं, सव्वाचारला खाली. एकूण साडेतीन तास."

"आमच्या कागदावर चार आहे," मधले साहेब म्हणाले.

"चारही लागतील, साहेब. उलट्या पाण्यात वर गेलं तर. पण तसं कोणी जात नाही."

"समजा गेला."

"मग तो आमच्या गावचा नाही."

जाड चष्म्याच्या गृहस्थांनी काहीतरी लिहून घेतलं होतं. काशीरामने निघता निघता आणखी सांगितलं होतं की ताशी आठचा वेग हवा असेल तर दोन वल्ही पुरणार नाहीत, चार लागतील. त्यावर त्याला 'तुम्ही येऊ शकता' असं सांगण्यात आलं होतं.

चहाचा कप खाली ठेवून त्याने वही उघडली आणि स्वतःच्या हाताने स्वतःची ओळ लिहिली. तिसऱ्या रकान्यात काय लिहायचं यावर आमच्यात वाद झाला. मी म्हटलं, बरोबर. हिशेब बरोबर आहे. काशीराम म्हणाला, ज्याचा प्रश्न त्याचं उत्तर, आणि त्याने 'चूक' लिहिलं. मग तो नंदाकडे वळला.

"एकदा घातलेलं कोडं ही मंडळी आठवडाभर बदलत नाहीत. तुला हेच विचारतील. खाडी म्हणाले तरी तू नदी समज. चार सांग."

"अकरापर्यंत मोजून?"

"अकरापर्यंत मोजून."

शुक्रवारी सकाळी नंदा उतरली. साहेबांनी तिला विचारलं होतं, तुमच्या हातखंब्याच्या नदीत एक होडी आहे. हातखंब्याला होडी चालेल अशी नदी नाही, हे नंदाच्या तोंडावर आलं होतं. पण ती अकरापर्यंत मोजत होती, त्यामुळे बोलता आलं नाही. बारा म्हणायच्या वेळी तिने चार म्हटलं.

वीस मेला पत्रं आली. नंदाची निवड झाली होती, यादीत क्रमांक सहा. काशीराम प्रतीक्षा यादीत पहिला. त्याच्या पत्रात खाली छापलेलं होतं की निवड झालेल्या उमेदवारांनी अठ्ठावीस मेपर्यंत संमती कळवायची आहे. कोणी नकार दिल्यास प्रतीक्षा यादीतल्या उमेदवाराला बोलावलं जाईल. मात्र दरम्यान वयोमर्यादा ओलांडल्यास नाव रद्द समजावं.

बावीस तारखेला नंदा पॉलिटेक्निकच्या फाटकाशी येऊन उभी राहिली. तिच्याकडे दोन पाकिटं होती. एकात नकाराचं पत्र होतं, टाइप केलेलं, एकही चूक नसलेलं. दुसरं कोरं होतं.

"सरांकडे जायचंय," ती म्हणाली. "एकटी गेले तर ते मला बोलूच देणार नाहीत."

आम्ही अकराच्या सुमाराला खाडीवर पोचलो. दादू एकटेच होते. सदू आठवड्यापूर्वीच मुंबईला गेला होता. त्यांनी एका हाताने वल्हवत आम्हाला पलीकडे घेतलं. दहा मिनिटांच्या अंतराला अर्धा तास लागला. नंदा म्हणाली, मी घेऊ का वल्हं? दादू म्हणाले, "बस गो बाय, तू पाव्हणी."

काशीराम अंगणात माडाची झावळी विणत होता. नंदाने नकाराचं पाकीट त्याच्यापुढे ठेवलं आणि उभ्याउभ्याच बोलायला सुरुवात केली. ती हे पाठ करून आली होती.

"सर, मी बावीसची आहे. मला आणखी सहा वर्षं मिळतात. तुम्हाला नऊ दिवस. मी नकार कळवला की जागा तुम्हाला. मी पुढची मुलाखत देईन. आणि चार हे उत्तर तुम्हीच दिलेलं. मी फक्त मोजलं. म्हणजे जागा तुमचीच आहे. यात चूक असेल तर दाखवा."

काशीरामने झावळी बाजूला ठेवली. बहुधा तो मनात अकरापर्यंत मोजत असावा.

"एक चूक आहे," तो म्हणाला. "तुझी निवड चार म्हटल्यामुळे झाली, असं तू धरून चाललीस."

"मग कशामुळे झाली?"

"थांब."

तो आत जाऊन वही घेऊन आला. मला म्हणाला, "कागद घे. चार घरं आख. बरोबर आणि निवड. बरोबर आणि नापसंत. चूक आणि निवड. चूक आणि नापसंत. मी वाचतो, तू खुणा कर."

तो ओटीवर बसून वाचत गेला. बरोबर, नापसंत. बरोबर, नापसंत. चूक, निवड. तीन वर्षांतल्या चौसष्ट मुलाखती होत्या, त्याच्या आणि नंदाच्या ओळी सोडून. वाचायला पंधरा मिनिटं लागली. दादू पायरीवर बसून खांद्याला तेल चोळत ऐकत होते.

मी बेरीज केली. बरोबर उत्तर देणारे चाळीस, त्यातले निवडलेले दहा. चुकीचं उत्तर देणारे चोवीस, त्यातले निवडलेले सहा.

"चारात एक," काशीराम म्हणाला. "आणि इकडे?"

"चारात एक," नंदा म्हणाली.

"म्हणजे उत्तराचा आणि निवडीचा संबंध नाही. तुझी झाली, का झाली माहीत नाही. माझी राहिली, का राहिली माहीत नाही. पण माझं काही घेऊन तू पुढे गेलीस, हे यातून निघत नाही. मग परत काय द्यायला आलीस?"

नंदा कागदाकडे बघत राहिली. मीही बघत होतो. वही सगळा वेळ काशीरामच्या बाजूला तोंड करून होती. वाचणारा तो होता, मी फक्त खुणा करत होतो. चाळीसात दहा आणि चोवीसात सहा, इतके स्वच्छ आकडे मी पॉलिटेक्निकच्या प्रयोगवहीतसुद्धा पाहिले नव्हते, आणि तिथे आम्ही आकडे घरी ठरवून मग प्रयोग करत असू. मी मान वर केली. काशीराम माझ्याकडे बघत होता. त्याने वही मिटून मांडीखाली घेतली.

मी म्हटलं, "बेरीज बरोबर आहे."

"सर," नंदा म्हणाली, "हे तुम्हाला आधीपासून ठाऊक होतं?"

"हो."

"मग तीन वर्षं हे सगळं शिकवलंत कशाला?"

त्याने झावळीची एक पात ओढून सरळ केली.

"मी पहिल्या मुलाखतीला गेलो तेव्हा बाहेरच्या बाकावर चार तास बसलो होतो," तो म्हणाला. "आत काय विचारतात ते मला ठाऊक नव्हतं. शेजारचे सगळे मुंबईचे. त्यांना ठाऊक होतं. माझं नाव पुकारलं तेव्हा पाय उचलेना. पुढे मी वही केली. तुझा उचलला ना?"

"उचलला."

"झालं तर."

दादूंनी तेलाची वाटी खाली ठेवली. "पोरी," ते म्हणाले, "तुज्या बापाशीन काय सांगितलान?"

"बाबांना यातलं काही माहीत नाही. त्यांनी दुकानावर पेढे वाटले."

"मग आता पेढे परत मागणार काय त्या ड्रायव्हरांकडनं? जा गपचूप."

नंदाने नकाराचं पाकीट उचललं. ते फाडताना तिला त्रास झाला, कारण आत कागद जाड होता. मग ओटीवर बसून तिने संमतीचं पत्र हाताने लिहिलं. काशीरामने ते वाचलं, तारखेत एक दुरुस्ती सांगितली आणि परत दिलं. पोस्टाची पेटी साडेतीनला उघडतात, तेव्हा आता निघा, असं म्हणाला.

आम्ही होडीत बसलो. दादूंनी उजव्या हाताने वल्हं धरून पाहिलं, तोंड वाकडं केलं आणि डाव्या हातात घेतलं. काशीराम काठावर उभा होता. एकतीस मेला अजून नऊ दिवस होते. त्याने चपला काढून काठावर ठेवल्या, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि पाण्यात उतरून होडीला हात लावला.

"सर, तुम्ही कशाला," नंदा म्हणाली.

तो चढून सदूच्या जागेवर बसला. दादूंनी त्याच्याकडे पाहिलं नाही, फक्त आपलं बूड एक वीतभर सरकवलं.

मधल्या धारेला होडी एका बाजूला जाऊ लागली. नंदा दोन्ही हातांनी पाकीट धरून बसली होती, ते भिजू नये म्हणून.

"डावा जोरात," दादू म्हणाले.

काशीराम डावं वल्हं जोरात ओढू लागला.